सुपारी की हळकुंड

मार्तंड सांबरेकर बेळगावच्या कोर्टात नक्कल-कारकून होता. जज्जसाहेबांनी दिलेला निकाल वळणदार अक्षरात उतरवून काढायचा, मूळ कागदाशी ताडून बघायचा आणि शिक्क्यासाठी पुढं सरकवायचा, हे त्याचं काम. चौदा वर्षांत त्यानं हजारो निकाल लिहिले. त्यातला एकही त्याचा नव्हता आणि त्याबद्दल त्याची तक्रारही नव्हती. उलट, निकाल दुसऱ्यानं द्यावा आणि आपण तो नीट लिहावा, ही जगाची उत्तम व्यवस्था आहे असंच त्याचं मत होतं. म्हणजे, मत असलंच तर.

कारण मत ही चीज मार्तंडला कधी मानवलीच नाही. खडेबाजारात टोपी घ्यायला गेला की काळी घ्यावी का तपकिरी, यात दुकानदाराची दुपारची झोप बुडायची. शेवटी दुकानदारच एक टोपी त्याच्या डोक्यावर ठेवून ‘चला, निघा आता’ म्हणायचा. लग्नाच्या वेळी त्याला दोन स्थळं आली, एक निपाणीचं आणि एक खानापूरचं. मार्तंड आठ महिने विचार करत बसला. निपाणीकरांनी कंटाळून मुलगी दुसरीकडे दिली आणि खानापूरची विनोदिनी त्याच्या घरात आली. ‘यांनी मला पसंत केलं नाही, मी उरले,’ असं ती हसत हसत शेजारणींना सांगायची. मार्तंड ओशाळायचा. तसा बायकोवर त्याचा फार जीव होता. आपण होऊन निवडली असती तर हिच्या निम्म्यानंही चांगली मिळाली नसती, हे त्याला पुरतं ठाऊक होतं.

अशा माणसाच्या हातात कुणी कशाचा निकाल देऊ नये. पण सन छत्तीसच्या श्रावणात उदय फुटबॉल क्लबचा मॅनेजर ठेवायचा की काढायचा, हा निकाल नेमका त्याच्याच गळ्यात येऊन पडला.

बेळगावात फुटबॉल आला तो कॅम्पातल्या पलटणींबरोबर. गोरे सोल्जर बूट घालून खेळायचे आणि गावातली पोरं कडेला उभी राहून बघायची. बघता बघता गल्लीगल्लीत अनवाणी खेळणारे क्लब निघाले, त्यातलाच हा एक. त्याचे मॅनेजर मारुतीराव हे काकतीचे, शेतकरी घरातले. चौदा सालच्या मोठ्या लढाईत पलटणीबरोबर पार इराकातल्या बसऱ्यापर्यंत जाऊन आलेले आणि तिथंच हा खेळ शिकलेले. सतरा वर्षं ते पेरणी-कापणीचे दिवस सोडले तर रोज काकतीहून सायकल मारत येत. पोरांना पळवत, फाटलेला बॉल शिवत, मैदानावर चुन्याच्या रेघा ओढत. या सगळ्याबद्दल त्यांना क्लबकडून वर्षाला एक नारळ आणि एक टॉवेल मिळे.

मार्तंडवर तर त्यांचे उपकारच होते. अठरा वर्षांचा असताना हा हडकुळा, उंच, एकलकोंडा मुलगा कडेला उभा राहून खेळ बघायचा. मारुतीरावांनी त्याला गोलात उभा केला. ‘उंच हायेस, हात वर केलास तरी निम्मं काम झालं,’ म्हणाले. एकवीस सालच्या कपाच्या शेवटच्या सामन्यात शेवटच्या मिनिटाला उदयविरुद्ध पेनल्टी मिळाली. मार्तंड गोलात उभा. डावीकडं झेपावं की उजवीकडं, हे ठरता ठरेना. मारणाऱ्यानं बॉल मारला तरी हा आपला मधेच उभा, आणि बॉल येऊन त्याच्या छातीवर आदळला. कप उदयला मिळाला. लोकांनी मार्तंडला खांद्यावर घेऊन गणपत गल्लीपर्यंत मिरवलं. ‘काय शांत डोकं पोराचं! जागचा हलला नाही!’ असं म्हातारी माणसं महिनाभर बोलत होती. आयुष्यात मार्तंडची एवढी एकच फत्ते झाली, आणि तीही काही न ठरवल्यामुळं.

पंधरा वर्षांनी तो क्लबचा सेक्रेटरी होता, आणि क्लब सलग सहा सामने हरला होता.

मारुतीरावांची एकच शिकवण होती. बॉल भुईवरनं द्यायचा, जवळच्याला द्यायचा, वर उडवायचा नाही. या रीतीनं क्लबनं दोन कप जिंकले होते. पण त्या वर्षी पाऊस हटेना. मैदानाचा नुसता रबरबाट झालेला. भुईवरनं दिलेला बॉल चार हात जाई आणि चिखलात म्हशीसारखा बसून राही. समोरचे क्लब उंच लाथा मारून गोल करून जात आणि उदयची पोरं चिखलातून बॉल उपसत बसत. सहाव्या सामन्यात उदयवर पाच गोल झाले तेव्हा लोकांनी मारुतीरावांच्या दिशेनं केळ्यांच्या साली फेकल्या. त्यांनी त्या गोळा करून कडेला ठेवल्या, पोरांचे पाय घसरू नयेत म्हणून.

कमिटी पाच जणांची. अध्यक्ष हरिभाऊ वकील आणि शाळामास्तर शरच्चंद्र यांचं म्हणणं, मॅनेजर बदला. तंबाखूची दलाली करणारा गुंडू आणि सायकलवाला जोतिबा म्हणत, मारुतीआप्पांना हात लावायचा नाही. दोन इकडं, दोन तिकडं. पाचवा मार्तंड.

आणि मार्तंडला काहीच कळेना.

शरच्चंद्र म्हणाला, “खेळ बदलला, मार्तंडराव. आप्पा अजून बसऱ्यात आहेत.” मार्तंडला हे शंभर टक्के पटलं. दुसऱ्या दिवशी गुंडू भेटला. म्हणाला, “आरं, चांगली तीन पोरं पलटणीत भरती झाली, दोन मुंबईला गेली. उरलेल्यांस्नी पळतानं धाप लागतीया. त्यात आप्पा काय करणार?” हेही शंभर टक्के पटलं. मग कुणीतरी कानात सांगितलं, हरिभाऊंच्या पुतण्याला आप्पांनी टीममधून काढलं म्हणून वकील चिडलेत. असं होय, असं मार्तंडला वाटतं न वाटतं तोच दुसऱ्यानं सांगितलं की गुंडूचा मामा आप्पांच्याच पलटणीत होता म्हणून तो आप्पांची बाजू घेतो. म्हणजे सगळ्यांच्याच पोटात काहीतरी होतं. पण पोटात काही असलं म्हणून तोंडातलं खोटं ठरतं का, हे कुणाला विचारावं?

त्यानं गोलकीपर भरमूला गाठलं. भरमू म्हणाला, “आप्पा ऱ्हायलं पायजेत.” मार्तंडला हायसं वाटलं. भरमू पुढं म्हणाला, “पर रीत बदलाया पायजे.” “आणि आप्पांनी नाही बदलली तर?” “मग आप्पा न्हाईत पायजेत,” भरमू म्हणाला आणि पाय धुवायला निघून गेला.

शेवटी मार्तंडनं कोर्टातला एक कोरा ताव घेतला, मधे रेघ मारली, एकीकडे ठेवण्याची कारणं लिहिली आणि दुसरीकडे काढण्याची. दोन्हीकडे नऊ नऊ भरली. खूप आठवून काढण्याचं दहावं सापडलं तेव्हा त्याला इतकं वाईट वाटलं, की पुढच्या पाच मिनिटांत त्यानं ठेवण्याचंही दहावं शोधून काढलं. विनोदिनीनं तो ताव वाचला. म्हणाली, “अक्षर सुरेख आलंय.”

सभेच्या आदल्या दिवशी कोर्टातून सुटून तो मैदानावर गेला. मारुतीराव एकटेच वाकून रेघा ओढत होते. पावसानं पुसलेली रेघ पुन्हा, पुसलेली रेघ पुन्हा. मार्तंड जाऊन शेजारी उभा राहिला. त्यांना विचारावं, तुम्हाला काय वाटतं? पण ज्याला काढायचं त्यालाच काढू का म्हणून विचारायचं म्हणजे काय!

“काय ठरलं रं?” मारुतीरावांनीच मान वर न करता विचारलं.

“विचार चाललाय, आप्पा.”

“कर की. पर एक सांगतो.” त्यांनी कंबर सरळ केली. “मधी उभं ऱ्हायलं म्हंजे दर बारीला बॉल छातीवरच येतोय असं न्हाय.”

मार्तंडच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. पंधरा वर्षं गावाला जे कळलं नाही ते या माणसाला पहिल्या दिवसापासून कळलं होतं, आणि त्यानं ते कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

उदय क्लबात मत द्यायची एक रीत होती. पूर्वी हात वर करून मतं घेत, पण एकदा वर केलेले हात सरळ एकमेकांच्या कानफटात खाली आले. तेव्हापासून गुप्त मतदान सुरू झालं. पानसुपारीचं ताट सभेत असायचंच, त्यात हळकुंडं आणून ठेवली गेली. प्रत्येकानं एक सुपारी आणि एक हळकुंड उचलायचं. मत ‘होय’ असेल तर सुपारी टाकायची, ‘नाही’ असेल तर हळकुंड, आणि उरलेलं खिशात घालून घरी न्यायचं. बिस्किटाच्या एका मोठ्या डब्याच्या तोंडाला फडक्याची खोळ शिवली होती. मूठ खोळीतून आत घालायची. आवाजावरून ओळखू नये म्हणून जोतिबानं डब्याच्या तळाला कापसाची गादी घातली होती. डबा फिरवायचा तो ज्याला मत नाही त्यानं, म्हणजे दर वेळी मॅनेजरनं.

त्या संध्याकाळी हरिभाऊ अवघडून म्हणाले, “मारुतीराव, आज डबा दुसऱ्या कुणाला तरी देऊ या. विषय तुमचाच आहे.”

“का? माझं हात मळल्यात व्हय?” मारुतीराव म्हणाले. “रीत हाय ती हाय.”

डबा त्यांच्याच हातात राहिला. ठेवायचं तर सुपारी, काढायचं तर हळकुंड, असं हरिभाऊंनी पुन्हा एकदा सांगितलं. डबा निघाला. वकिलांनी झटक्यात हात घातला आणि काढला. शरच्चंद्रानंही. गुंडूनं मारुतीरावांकडे बघत घातला. जोतिबानं डोळे मिटून घातला. मग डबा मार्तंडपुढं आला.

त्याच्या उजव्या मुठीत दोन्ही होतं. गुळगुळीत गोल सुपारी आणि खडबडीत लांबट हळकुंड, बोटांना सगळं नीट कळत होतं. कळत नव्हतं ते फक्त डोक्याला. त्यानं मूठ खोळीत घातली. आप्पा बसऱ्यात आहेत. पण पोरं पलटणीत गेली. पण पाच गोल. पण सतरा वर्षं. पण केळ्यांच्या साली. डबा धरलेले ते दोन हात त्याच्या नाकासमोर होते, बॉल शिवून शिवून बोटांना भोकं पडलेले. हरिभाऊ खाकरले. मार्तंडनं मूठ बाहेर काढली ती तशीच कोटाच्या खिशात घातली आणि तो घाम पुसत खाली बसला.

मारुतीरावांनी एकवार त्याच्याकडे पाहिलं. मग डबा घेऊन ते कोपऱ्यातल्या मेजाकडे गेले. मेजावरचं पानसुपारीचं ताट उचलून बाजूला ठेवलं, डबा उपडा केला आणि मागं सरले. हरिभाऊंनी पुढं होऊन पाहिलं. दोन सुपाऱ्या, तीन हळकुंडं.

मग मारुतीराव म्हणाले, “बरं,” आणि शिट्टीची दोरी गळ्यातून काढून मेजावर ठेवली. गुंडू मार्तंडजवळ आला. “माणसात आणलं तुला त्यांनी,” एवढंच म्हणाला आणि थुंकायला बाहेर गेला. जोतिबा तर त्याच्याकडे बघेचना. आणि ज्याची बाजू जिंकली त्या शरच्चंद्रानं पाठ थोपटून ‘धीराचं काम केलंत’ म्हटलं, ते तर सगळ्यात जास्त झोंबलं.

मार्तंड घरी निघाला तो गोंधळून गेलेला. आपण हळकुंड टाकलं? कधी? मूठ उघडल्याचं त्याला आठवत नव्हतं. पण तीन हळकुंडं तर डोळ्यांनी दिसली होती. माणसाच्या हातून न कळत असं होऊ शकतं का? मनातून आपल्याला त्यांना काढायचंच होतं आणि ते हाताला आपल्याआधी कळलं, असं तर नसेल? या विचारानं तो रस्त्यातच थांबला आणि मागून येणारा टांगेवाला शिव्या देऊन गेला.

विनोदिनीनं त्याचा ओला कोट वाळत घालताना सवयीनं खिसे झाडले. तिच्या तळहातावर एक सुपारी आणि एक हळकुंड आलं.

“अहो, दोन्ही इथंच आहेत.”

“एकच असणार.”

“मला दोन मोजता येतात.” तिनं हात पुढं केला. “तुम्ही टाकलं काय?”

मार्तंड बघतच राहिला. मग त्यानं बोटांवर मोजलं. चौघांनी चार टाकली. आपण काहीच टाकलं नाही. मग डब्यात चारच निघायला हवीत. दोन आणि दोन. पाचवं कुठून आलं? त्यानं पुन्हा मोजलं. विनोदिनीनं त्याला मोजू दिलं, तिला आधीच कळलं होतं.

“डबा कुणाच्या हातात होता?” तिनं हळूच विचारलं.

मार्तंडच्या डोळ्यांपुढं ते मेज आलं, ते बाजूला ठेवलेलं ताट आलं, त्या ताटात उरलेली हळकुंडं आली. तो मटकन खाली बसला आणि लहान मुलासारखा रडला. विनोदिनी शेजारी बसली.

दुसऱ्या दिवशी रविवार. उजाडताच तो सायकलवर बसला. रस्ताभर एकच ठरवत होता, की आप्पांना भेटायचं, तडक परत येऊन हरिभाऊंना खरं काय ते सांगायचं, आणि पुन्हा सभा भरवून पाचवं मत म्हणून सुपारी टाकायची. सुपारीच. काकतीच्या अलीकडच्या चढापर्यंत ही सुपारी पक्की होती. चढावर सायकल हातात धरून चालताना पुन्हा ते पाच गोल आठवले.

मारुतीराव अंगणात बसून जुना बॉल उसवत होते. सून जयाबाई पाणी देऊन आत गेली.

“आप्पा, ते हळकुंड तुमचं ना?”

“मग? दिस उगवस्तोवर डबा धरून उभा ऱ्हाऊ?”

“पण स्वतःवर? का आप्पा?”

मारुतीरावांनी दाभण बाजूला ठेवलं. “तुझी मूठ जशी गेली तशी भाईर आली. म्या बगितलं. दोन-दोन झालं आस्तं तर भांडान पेटलं आस्तं, क्लब फुटला आस्ता. आन समद्यांनी तुला धरून विचारलं आस्तं, तुझं मत काय. काय सांगितलं आस्तंस?”

मार्तंडनं खिशात हात घातला.

“मी ठेवा म्हणणार होतो,” तो शेवटी म्हणाला.

“कवा?”

मार्तंडनं खिशातून दोन्ही काढून तळहातावर धरली. “खरं सांगू? टीम तुमच्यामुळं हरते की नाही, हे मला अजूनसुद्धा कळत नाही. वीस कारणं लिहिली मी.”

“मलाबी कळत न्हाय,” मारुतीराव म्हणाले. “रातच्याला पडून त्योच इचार करतोय. माझी रीत चुकली का पोरं कमी पडली? न्हाय कळत. सतरा वर्सं झाली, तरी न्हाय कळत बग. पर डबा तर उपडा करायचाच हुता. म्हून न कळताच टाकलं.”

मार्तंडला वाटत होतं की कळणाऱ्या माणसांची एक जात असते आणि आपण तिच्याबाहेरचे. समोरचा म्हातारा सुद्धा त्याच्याइतकाच गोंधळलेला निघाला. फरक एवढाच होता की त्यानं हात उघडला होता. मार्तंडनं तळहाताकडे पाहिलं. कुणाला विचारलं नाही, मोजलं नाही. सुपारी उचलली आणि मारुतीरावांच्या हातावर ठेवली.

“ही माझी. आजच जाऊन सभेत सांगतो.”

मारुतीरावांनी सुपारी उजेडात धरून निरखली. त्यांचे डोळे भरून आले होते, ते त्यांनी लपवले नाहीत. मग कमरेची चंची सोडली, अडकित्ता काढला आणि मार्तंड ‘अहो, अहो’ म्हणेपर्यंत सुपारीचे दोन तुकडे केले. एक स्वतःच्या तोंडात टाकला आणि दुसरा त्याच्यापुढं धरला.

“आता सभेत काय दाखवशील? खा. आन त्यो बॉल धर जरा, टाका घालतो. नव्या मॅनेजराला लागंल.”

मार्तंडनं सुपारी तोंडात टाकली, आणि दोन्ही हातांनी बॉल घट्ट धरला.